दुपारी बंद पडणारा कॅमेरा

आई एकदा बाथरूममध्ये घसरली आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिली. हाड मोडलं नाही, पण माझी झोप उडाली. लगेचच मी तिच्या सुकापूरच्या घरी, हॉलमध्ये कॅमेरा बसवला. मी कामोठ्यात दहावीच्या मुलांना गणित शिकवते. क्लासमधून मोबाइलवर आई दिसली की जिवात जीव यायचा.

घरातल्या वायफायवरच्या प्रत्येक वस्तूला राउटर आपणहून एकेक नंबर देतो, आणि तो कधीही बदलू शकतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मला बदलणारं काही नकोच होतं. म्हणून कॅमेऱ्याला मी स्वतःच एक पक्का नंबर देऊन टाकला आणि स्वतःवर खूश झाले.

पुढे दिवाळीला आईसाठी नवा, वायफायवर चालणारा टीव्ही घेतला. त्यानंतर कॅमेरा दुपारचा बंद पडायला लागला. स्क्रीनवर नुसता काळोख. समीकरण फळ्यावर अर्धवट सोडून मी बाहेर धावायचे आणि फोन लावायचे.

"आई, बरी आहेस ना?"

"हाय गं बाय. मला काय धाड भरलीय?"

मागे मालिकेतल्या सासवा-सुना भांडत असायच्या. मी तिला राउटरचं बटण बंद-चालू करायला लावायचे. टीव्हीही त्याच बोर्डावर, तोही बंद व्हायचा. कॅमेरा परत दिसायचा आणि माझी खात्री पटायची की दोष राउटरचाच. थोड्या वेळाने पुन्हा काळोख. पण बटणासाठी वाकताना ती पडली तर? मग तेही सांगणं सोडलं, नुसते फोन करत राहिले. मधल्या काळात इंटरनेटवाल्याशी भांडले, कॅमेऱ्याच्या दुकानदाराशीही भांडले. मला भांडायला फार लागत नाही.

एका दुपारी तिने फोन उचललाच नाही. परत लावला, परत नाही. मुलांना घरी पाठवलं आणि रिक्षात बसले. नको नको ते डोळ्यांसमोर येत होतं. नवीन पनवेलच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा उतरून पळावंसं वाटलं. किल्लीने दार उघडून आत धावले. आई सोफ्यावर पाय वर घेऊन टीव्ही बघत होती. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

"आज लवकर सुटलीस?" ती म्हणाली. मला रडूच आलं.

त्या रविवारी मी दिवसभर तिच्याकडेच ठाण मांडून बसले. कॅमेरा चालू, मोबाइलवर आई दिसतेय. जेवण झाल्यावर तिने रिमोट उचलला, टीव्ही लावला, आणि मोबाइलवरची आई गायब. मी राउटरचं पान उघडलं. कॅमेऱ्याला मी दिलेला नंबर राउटरने टीव्हीलाही दिलेला होता. त्याला बिचाऱ्याला मी कुठे सांगितलं होतं, की तो नंबर गेलाय म्हणून? टीव्ही चालू झाला की एका नंबरावर दोघं, आणि कॅमेरा बाहेर. म्हणजे इतके दिवस कॅमेरा बंद पडला की माझा जीव टांगणीला लागायचा, तेव्हा आई मजेत मालिका बघत असायची. मी टाकलेला नंबर काढला आणि कॅमेऱ्यासाठी एक वेगळा नंबर राउटरमध्येच राखून ठेवला. टीव्ही आणि कॅमेरा, दोन्ही चालू राहिले.

मग शांतता. कॅमेरा एकदाही बंद पडला नाही. दुपारचे फोन थांबले. आता कशाला करायचे? आई तर दिसतच होती.

एका दुपारी मुलांना गणित घालून मी सहज मोबाइल बघितला. आईने टीव्ही लावला. मांडीवर फोन होता, त्याकडे बघितलं. टीव्ही बंद केला, परत लावला. परत फोनकडे बघितलं. मला काही कळेना, आणि पुन्हा ती जुनी धडधड सुरू झाली. मी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"आला गं बाय तुझा फोन! रोज टीवी लावते, येतच नाय. मला वाटलं टीवीच बिघडला."