बरणीतला कोयता

आष्टीकडच्या आमच्या गावात, ऐन मे महिन्यात समुद्र आणायचा मान माझा. लोणच्याच्या बरणीत आणला, एसटीत मांडीवर धरून. शेजारच्या बाईनं विचारलं, "कैरीचं का लिंबाचं?" मी म्हटलं, "जितं हाय." बाई जी उठली ती थेट मागच्या सीटवर!

बरणीत बारा समुद्रफुलं होती. करंगळीच्या नखाएवढी, तपकिरी. फुलं कसली, प्राणीच ते, प्रवाळाची गरीब भावंडं. प्रवाळ उष्म्यानं पांढरं का पडतं ते कॉलेजात आम्ही यांच्यावर बघायचो, कारण दोघांच्या अंगात तसलंच शेवाळ राहतं. प्रयोगशाळेचा एसी बिघडला म्हणून मॅडमनी सुट्टीत एकेकीला एकेक बरणी दिली. "हेच पुढच्या वर्षीचं बियाणं," म्हणाल्या. माझं तर सगळंच त्यात अडकलेलं. दादांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं होतं: प्रयोग पुढं चालला तर शीक, न्हाईतर जूनमधी पाहुणे बघाया येतील.

आईनं बरणीला नाक लावलं. "खातंय काय हे?"

"आतलं शेवाळ उजेडात साखर करतं अन् ह्याला देतं. हे त्याला राहायला जागा देतं."

"अगं मंग कोयता हाय की ह्यो!" आई टाळी वाजवून ओरडली. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. आई-दादांनी कितीतरी हंगाम तसेच काढलेत. "एक बसलं की दुसऱ्याचं बी काम बंद!" झालं, संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली बरणीतला कोयता बघायला हजर. मी अकरा वेळा तेच सांगितलं आणि अकराही वेळा मला मजा आली.

आणि मग मी शहाणीनं काय करावं? शेवाळाला उजेड लागतो ना, म्हणून बरणी नेऊन ठेवली ओट्यावर, भर उन्हात! दुपारी बघते तर थर्मामीटर चौतिसावर आणि फुलं फिकी पडायला लागलेली. डोळ्यांदेखत गेलं की हो माझं बियाणं! मी भोकाड पसरलं.

दादांनी बरणी उचलली, आत माठाजवळ ठेवली, ओलं पोतं गुंडाळून सुतळीनं आवळली. माझं डोकं फिरलं. "दादा, अंधारात मरंल ना ते! तुमाला काय कळतंय त्यातलं?" आणि शेवाळ म्हणजे काय, साखर कशी होते, उजेड कशाला, सगळा धडा पंधरा मिनिटं त्यांच्यावर ओरडून म्हटला. ते आपले पोत्यावर पाणी शिंपडत राहिले.

दुसऱ्या दिवशी फुलं पार पांढरीफटक. पाणी मात्र सत्तावीसवर आलेलं. मी वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात, लाल रेघ मारून लिहिलेलं: उष्मा आणि कडक ऊन एकदम आलं की शेवाळाचं काम बिघडतं, त्यातून विष तयार होतं, म्हणून प्राणी त्याला बाहेर काढतो, अशा वेळी सावली द्यावी. अरे देवा! मी वही मिटली आणि पिशवीच्या तळाशी कोंबली.

पांढरं पडलं म्हणजे मेलं नव्हे, उपाशी असतं. मी ड्रॉपरनं अंड्याचा बलक भरवला, कणाकणानं. दादा रोज सकाळी थोडा वेळ पोतं खाली सारून उजेड दाखवायचे. तीन फुलं गेली. पण तिसऱ्या आठवड्यात एकाच्या बुडाला चहाच्या डागासारखं काहीतरी दिसलं. मग दुसऱ्याला. अंगात थोडं शेवाळ उरलं होतं, तेच वाढत होतं! आई नाचली, मी नाचले, चुलती आली ती कारण न विचारताच नाचली.

मग धीर करून दादांकडं गेले. "दादा, चूक माजी होती. सावलीच पायजे होती."

"ठावं हाय की. उसात भोवळ आल्यावर मानसाला काय उन्हातच ठिवतेत व्हय?"

"मंग तवा बोलला कावून न्हाई?"

"तू शिकवत हुतीस मला. लई बेस शिकवत हुतीस, मास्तरणीवानी. मधीच कशाला थांबवायचं?" त्यांनी पोत्यावर पाणी शिंपडलं. "त्याच सांजंला पाहुण्यांना फोन करून सांगितलं, येऊ नका म्हनून."