कोचनी झेललेला पास

नव्या बास्केटबॉलच्या रबराचा वास आला की मला नारायण पेठेतली ती फायनल आठवते. आमचे कोच सर्बियाचे, गुडघ्यापायी खेळणं सुटलेले, ताडमाड. आम्ही एका गुणाने मागे, शेवटचे चार सेकंद, माझ्याकडे पास निघालेला आणि बास्केटखाली चिटपाखरू नाही! तेवढ्यात रेषेबाहेर उभ्या कोचनी लांब हात करून तो पास मधेच झेलला. निव्वळ सवयीने! शिट्टी वाजली, चेंडू समोरच्यांना गेला, फायनलही गेली. "अहो, आपण खेळणार होतात तर आधी सांगायचं!" प्रेक्षकांतले एक काका ओरडले. पंचांनी दोनदा मागूनही कोचना तो चेंडू हातातून सोडवेना. नुसते माझ्याकडे बघत राहिले. आता मीही कोच आहे. मॅच सुरू झाली की दोन्ही हात खिशात घालतो.