पौषात सांगितलेलं दसऱ्याचं काम

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, तिथून माझी फजिती सुरू झाली. हसा खुशाल, पण सांगतेच.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा. मखमलाबाद रोडच्या आमच्या खोलीत मी सातपासून झेंडूचे हार ओवत बसलेले. तेवढ्यात दारात एक मॅडम, हातात टॅब.

"सरकारी सर्वे आहे. घरात कोण काय काम करतं ते लिहायचंय."

दुसरं कमावतं माणूस दिसलं की रेशन बंद होतं, असं ऐकलेलं. पोरगी अडीच वर्षांची. धान्य गेलं तर तिला घालू काय? पायानंच फुलं पलंगाखाली ढकलली.

"मागच्या सात दिवसांत काही काम केलं?"

"छे हो मॅडम. घरीच असते मी."

एवढं म्हणतेय तोवर पोरगी पलंगाखालून बाहेर, गळ्यात हार!

"तिला नटायची लय हौस," मी म्हटलं. मॅडम हसल्या, लिहून घेतलं, गेल्या.

तीन महिन्यांनी त्याच मॅडम पुन्हा दारात. मला वाटलं, खोटं पकडलं. आता रेशन तर जाणारच, वर दंड. त्यांनी विचारायच्या आधीच मी सुरू.

"मॅडम, मी हार करते. दहा-दहा तास करते."

"मागच्या सात दिवसांतही?"

"रोज!"

"अरे वा, म्हणजे काम लागलं तुम्हाला. मग माझ्या गाडीला एक हार द्या ना."

आता पौष चाललेला. लग्नं नाहीत, घरात पाकळी नाही. देऊ कुठून? शेवटी सगळं सांगून टाकलं.

"ताई, रेशनचा याच्याशी काही संबंध नाही," मॅडम म्हणाल्या. "कोणाचं काम सुटलं, कोणाला लागलं, हे बघायला आम्ही त्याच घरी परत येतो. तुमचं सुटलंय, आणि मी लागलं म्हणून लिहीत होते." त्यांनी ते खोडलं.

संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "पहिल्यांदा नोकरी लागली तुला, तीपण पाच मिनिटांची."

जाता जाता मॅडम म्हणाल्या होत्या, "ऐन दसऱ्यात तुमच्या गल्लीत एकाही बाईला काम नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही."

तर बायांनो, पुढं सांगा सगळ्यांना. मागच्या सात दिवसांचं जे असेल ते खरं सांगायचं. फक्त माझं नाव घेऊ नका. दसऱ्याआधी त्या दिवशी मॅडम शेजारच्या दारात पोहोचायच्या आत, "काम सांगू नका गं," असे घरोघरी फोन मीच केले होते.