मशीनला वास कसा आला?

अंगारे-धुपारे करणाऱ्यांची टिंगल करण्यात माझा नंबर पहिला. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... तरी लिहितो.

डोणगावला सोयाबीनच्या एका आडतीवर मी कॉम्प्युटर सांभाळतो. तिथं माल पारखायचं काम कैक वर्षं वामनकाकांकडे होतं. मूठभर दाणे तळहातावर चोळून हुंगायचे, एखादा दाताखाली फोडायचा, की पोत्याच्या बुडाचंसुद्धा अचूक सांगायचे.

यंदा शेठनं फोटोवरून माल पारखणारं एआयचं मशीन आणलं. त्याला शिकवायचं काम माझ्याकडे. काका निकाल सांगणार, मी फोटो काढून टाईप करणार. महिनाभर हेच चाललं. काका एकदाच बोलले, "माह्याच हातानं माह्यी जागा दुसऱ्याले देऊन राह्यलो मी." मी हसण्यावारी नेलं. आता लाज वाटते त्याची.

मग शेठनं काकांना घरी बसवलं, त्याच दुपारी एक पोतं आलं. वरचा माल टपोरा, कोरडा. त्यातलाच नमुना कॅमेऱ्याखाली ठेवला, तर स्क्रीनवर – 'नाकारा. बुडाला वास.'

मी मशीनमध्ये तीनच शेरे भरले होते – ओला, डागी, खडे. फोटोला कसला आलाय वास? पोतं उलटं केलं तर खाली सगळी बुरशी, हमालांनी नाकाला रुमाल लावले. कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला, तर तो म्हणे असं वाक्य सिस्टीममध्येच नाही!

शेठ टरकलेच. म्हणाले, काकाले आत्ताच्या आत्ता परत आण. मी खुशीत गाडी काढली, डोक्यावरचं ओझंच उतरलं होतं माझ्या.

काकांच्या दारातच करपल्याचा वास आला. काकू शेतात गेलेल्या. आत गॅसवर वरणाचा पार कोळसा झालेला, आणि काका गॅसपासून हाताच्या अंतरावर भिंतीकडं तोंड करून बसलेले. मी गॅस बंद केला, शेठनं कामावर बोलावलंय म्हणून सांगितलं. ते माझ्याकडं वळले.

"काय करू येऊन? दुपारपासून मले कशाचाच वास येऊन नाई राह्यला, बाबू."

बुलडाण्याला डॉक्टरकडे मीच नेलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, नाकात काहीच दोष नाही. इकडे मशीन वासाचं पोतं अजूनही बिनचूक बाजूला काढतं. त्याच्यासमोर बसायची मला भीती वाटते... काकांसमोर जायची त्याहून जास्त. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.