जाड पाइपला किती करंट

शेजारी गेटचं वेल्डिंग चालू झालं, की त्या तापल्या वासानं मला समुद्रपूरचं आमचं वर्कशॉप आठवतं. तेव्हा मी त्या घरची नवी सून. आर्गन गॅसचं वेल्डिंग नुकतंच शिकले होते, पण तोरा असा, की जणू मशीनचा शोध मीच लावलाय. दूध डेअरीचा स्टीलचा जाड पाइप जोडायचा होता. सासरे म्हणाले, "आधी तुकड्यावर करून दाखव. जमलं तं पाइप तुयाच, नाई तं ग्राइंडरवर घासकामाले बस." जाड पाइपला दणकून करंट हवा, असं ठरवून मी थेट दीडशे अँपिअरवर लावला. वरून जोड मोत्यांच्या सरीसारखा दिसला. आत बॅटरी मारली, तर स्टील मेणासारखं ओघळून लोंबत होतं. "इथं दूध अडकन अन् नासन," सासरे म्हणाले. "पहिला थर कमीवर माराचा, मंग वाढवाचा." मी विचारलं, "मामाजी, कमी म्हंजे किती?" "अंदाजानं," म्हणत ते जेवायला गेले. अंदाज काही माझ्या डोक्यात शिरेना. मग मी भंगारातल्या पाइपचे तुकडे कापले, दर जोडाला करंट दहानं वाढवला आणि प्रत्येकावर खडूनं आकडा घातला. सासरे परतले ते ओरडतच, "गॅस काऊन फुकून राह्यली वो?" मी बॅटरी पुढं केली. एकेका तुकड्यात डोकावत ते तिथंच उकिडवे बसले. मी मनातल्या मनात घासकामाला लागलेही. मग ते म्हणाले, "नव्वदचा जोड बेस हाय. पण पंच्याण्णववर काय होते? तो बी करून पाह्य." पाइप मीच जोडला. हल्ली जाडीप्रमाणे करंट मशीनच सुचवतं. मी ऐकून घेते आणि तरीही आधी एक तुकडा जाळून बघतेच.