बापूसाहेबांच्या गाडीची शिट्टी

न्हावरे फाट्यावर माझं गॅरेज आहे. बोर्डावर ‘सर्व प्रकारच्या गाड्या दुरुस्त होतील’ असं लिहिलंय, पण येतात ते ट्रॅक्टर, पिकअप आणि उसाच्या ट्रॉल्या. परदेशी म्हणावी अशी एकच गाडी माझ्या दारात यायची, बापूसाहेबांची. पांढरी, जर्मन, पुण्याच्या कुणा डॉक्टरानं वापरून विकलेली. सोसायटीचे चेअरमन झाले त्या वर्षी त्यांनी ती घेतली. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर असली गाडी म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो होतो. ते हसले होते.

त्या गाडीला कंपनीतूनच सुपरचार्जर होता. म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. पाय दाबला की तो हूंऽऽ करून शिट्टी मारायचा. कॅनॉलच्या पुलावर चढ आहे, तिथं बापूसाहेब पाय दाबायचे आणि शिट्टी थेट त्यांच्या वस्तीवर ऐकू जायची. ती ऐकली की त्यांच्या पत्नी कस्तुराबाई पाण्याचा तांब्या भरून ओट्याच्या पायरीवर ठेवायच्या. बाहेरून आलेल्यानं पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही त्यांची शिस्त. पंधरा वर्षं हे रोज चाललं.

गेल्या साली गाडीची ताकद गेली. मी सुपरचार्जर उघडला, तर बेअरिंग खिळखिळी झालेली आणि आतल्या फिरत्या रोटरचा लेप सोलून निघालेला. नवा माल परदेशातून कधी येईल ते कुणी सांगेना. त्यांचा मुलगा विक्रम बंगळुरात असतो, तो फोनवर म्हणाला, विकून टाका.

“हौशीराम, कायबी कर,” बापूसाहेब मला म्हणाले, “पर गाडी चालू ऱ्हायला पायजे.”

“टर्बो बसवू. त्योबी हवाच कोंबतो, पर पट्ट्यावर न्हाई, इंजिनातनं भाईर पडणाऱ्या धुरावर फिरतो. शिट्टी मातूर जाईल बरं का. गाडी मांजरावानी येईल.”

“जाऊ दे की! गाव तरी नावं ठेवायचं थांबंल.”

आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याचा मला आज राग येतो.

दौंडच्या भंगारातून एका जीपचा टर्बो आणला. धुराचा पाइप नव्यानं वेल्डिंग करून घेतला, टर्बोला तेलाची नळी ओढली, पुढचा पट्टा आखूड घातला. पुण्याहून विनोद नावाचा ओळखीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला, त्यानं गाडीच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोलचं गणित बदललं. बावीस दिवस लागले. गाडी जेव्हा सुसाट आणि बिनआवाज पळाली, तेव्हा माझी छाती अशी फुगली की काही विचारू नका. काढलेला माल गिऱ्हाइकाच्या डिकीत टाकायचा हा माझा नियम आहे, नाहीतर लोक म्हणतात, बदललाच नाही. जुना सुपरचार्जर युरियाच्या गोणीत बांधून मी डिकीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी बापूसाहेब गॅरेजात येऊन टायरवर बसले. चहा निवला तरी कप उचलेनात.

“तिनं मला वळखलं न्हाई,” ते म्हणाले.

कस्तुराबाई विसरायला लागल्यात, हे गावाला माहीत होतं. किती, ते माहीत नव्हतं.

“तोंड तर वरीस झालं इसरलीय माझं. पर शिट्टी झाली की तांब्या ठिवायची, आन् गाडीतनं उतरंल त्यो आपला, एवढं ठाव हुतं तिला. बावीस दिस मोटारसायकलवर आलो, तवा पाव्हणाच हुतो. वाटलं, गाडी आली की हुईल नीट.”

“आधी का न्हाई सांगितलं?” मी चिडलोच.

“काय सांगू? बायको मला शिट्टीवर वळखती, आसं?”

मला फार लाज वाटली. आवाज जावा म्हणून मी बावीस दिवस घाम गाळला होता.

रोटर कामातून गेला होता. तो इंजिनाला परत लावला असता तर इंजिनच गेलं असतं. पण नुसता फिरवायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो, डिकीतला जुना सुपरचार्जर काढला आणि गोठ्यातल्या कडबाकुट्टीच्या मोटरीवर पट्टा टाकून बसवला. बटण दाबलं. हूंऽऽ! म्हशी वैरण चघळायच्या थांबल्या.

कस्तुराबाई बाहेर आल्या. पाण्याचा एक थेंब न सांडता त्यांनी तांब्या पायरीवर ठेवला. बापूसाहेब चपला काढून पुढं झाले आणि त्यांनी तांब्याला हात घातला.

“पाव्हणं, ऱ्हाऊ द्या,” कस्तुराबाई म्हणाल्या. “आमच्या मालकांचं पानी हाय ते. गाडी आली न्हवं, आत्ता येतील. बसा तुमी.”

बापूसाहेब पायरीवर बसले. त्याही हातभर अंतर ठेवून बसल्या, रस्त्याकडं तोंड करून.

मला वाटलं, माणूस गाडीतूनच उतरायला हवा. मग ती शिट्टी मोबाइलवर भरली, गाडीवर भोंगा बांधला आणि बापूसाहेबांनी पुलापासून ती वाजवत गाडी आणली. तांब्या आला. बापूसाहेब उतरले. कस्तुराबाईंनी त्यांना ओलांडून रिकाम्या गाडीत वाकून पाहिलं.

“मालक कुठं उतरलं?” त्यांनी विचारलं.

बावीस दिवसांत तेवढाही धागा तुटला होता. बापूसाहेबांनी त्याच दिवशी भोंगा काढायला लावला. गोठ्यातलं मात्र काढू दिलं नाही. रोज दिवस कलला की ते स्वतः बटण दाबतात, दोन मिनिटांनी बंद करतात आणि पायरीवर जाऊन बसतात. मी महिन्यातून एकदा बेअरिंगला ग्रीस भरायला जातो. गाडी शेडमध्ये धूळ खात असते. तिच्याकडं बघायला मला आवडत नाही.

मागच्या खेपेला राहवलं नाही. म्हटलं, “कशापायी जीव जाळून घेता, बापूसाहेब? हे काढून टाकू का?”

“नगं,” ते म्हणाले. “शिट्टी झाली की ती माझीच वाट बघती, हौशीराम. दुसऱ्या कुनाची न्हाई.”