खजिन्यातला हरणछाप डबा

आशालताबाईंना सिंगापूरच्या यिशुन वस्तीत मुलाकडे येऊन पाच वर्षं झाली होती, आणि या पाच वर्षांत त्यांनी एकही रिकामा डबा घराबाहेर जाऊ दिला नव्हता. बिस्किटांच्या निळ्या डब्यात सुया-दोरे, माइलो पावडरच्या डब्यात चण्याची डाळ. मुलगा शैलेंद्र मोठ्या आशेने बिस्किटांचा डबा उघडायचा आणि हाताला बटणं लागायची. सकाळी रॅफल्स प्लेसच्या बँकेत निघताना रोज तेच व्हायचं आणि माणूस शहाणा काही होत नव्हता.

डब्यांचं हे वेड माहेरचं. त्यांचे वडील अंधेरीच्या एका स्टुडिओत पडदे रंगवायचे. स्टुडिओ म्हणजे नावाचाच. तिथे निघायचे ते सगळे तलवारीचे आणि जादूचे कमी खर्चातले सिनेमे, आणि एकच राजवाडा दर सिनेमात वेगळ्या रंगात उभा राहायचा. खजिना हवा असला की वनस्पती तुपाचे रिकामे डबे आणायचे आणि त्यांवर सोनेरी बेगड चिकटवायची. हे काम सतरा वर्षांच्या आशालतेकडे असे, कारण तिचा हात सफाईचा होता.

एकोणीसशे एकोणसाठ साली ‘सुरंग-ए-सुलेमान’ नावाच्या सिनेमात राणीची एक दासी ऐन वेळी आलीच नाही. निर्माता वडिलांच्या मागे लागला, आणि आशालतेला झगझगीत घागरा घालून उभं केलं. खजिन्याचा डबा उचलायचा, राणीपुढे ठेवायचा, वाकायचं. संवाद नाही. वडिलांनी होकार दिला खरा, पण घरी येताच पस्तावले. पोरगी सिनेमात दिसली असं कळलं तर स्थळं यायची बंद होतील! त्यांनी चाळीत कुणाला पत्ता लागू दिला नाही. सिनेमा आला आणि आठवड्यात गेला. आशालतेला तो कुणी दाखवलाही नाही.

चार वर्षांनी निशिकांत पाहायला आले. बोटीवर इंजिनिअर, उंच, उन्हाने रापलेले. पोहे झाले, प्रश्न झाले आणि मोठ्यांनी उदार होऊन दोघांना पाच मिनिटं गॅलरीत सोडलं. निशिकांतांनी कठड्याला टेकून पहिलं वाक्य टाकलं, “तुम्हाला मी आधी पाहिलंय. सिंगापूरला.”

आशालतेने घाबरून मागे पाहिलं. दार लोटलेलं होतं.

“बोट दुरुस्तीला लागली होती,” ते म्हणाले. “सेरंगून रोडजवळच्या टॉकीजमध्ये हिंदी सिनेमा होता. तुम्ही खजिना उचललात, आणि त्यावर हरणछाप तुपाचं चित्र! अख्खं थिएटर हसत होतं.”

भीती गेली आणि राग आला. “शक्यच नाही! बेगड मी स्वतः चिकटवली होती. हरीण दिसलं तर कान धरीन तुमच्यापुढे.”

“ठरलं,” ते म्हणाले. लग्नही ठरलं.

पण त्यांचं म्हणणं आशालताबाईंना कधीच पटलं नाही. शेजारच्या सुलेखाच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिलाच कुठून तरी दासीची गोष्ट कळली असणार, तिनेच ती फोडली असणार आणि यांनी वर हरणाची फोडणी दिली असणार. नवरा थापा मारण्यात पटाईत होताच. बंदराबंदरांवरून तो एकेक अशी गोष्ट आणायचा की बोटीएवढा मासाही त्यात लहान वाटावा. बाकीच्या थापा त्या मिटक्या मारत ऐकायच्या. ही एकच थाप त्यांना थाप नको होती. पोह्यांची बशी हातात नसताना, नटवून-थटवून पुढे बसवलेली नसताना कुणीतरी आपल्याला दूर देशी पाहिलं आणि चार वर्षं लक्षात ठेवलं, हे खरं असावं असं त्यांना फार वाटायचं. विचारलं की निशिकांत म्हणायचे, “आधी कान धर.” असं करता करता सेहेचाळीस वर्षं गेली. दोन हजार नऊ साली निशिकांतही गेले आणि विचारायला माणूसच उरला नाही.

दोन हजार चौदामध्ये नात जाईला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. घरातल्या वडीलधाऱ्यांची जुनी आठवण लिहून आणायची. आजीने खजिना सांगितला, पैज सांगितली. जाईने सिनेमाच्या नावाची चार वेगवेगळी स्पेलिंगं घालून पाहिली आणि एका रविवारी सकाळी, वाक्याशेवटी ‘लाह’ नाहीतर ‘आह’ जोडणाऱ्या आपल्या सिंगापुरी इंग्रजीत किंचाळत बाहेर आली.

“आजी, सापडला! क्वालिटी व्हेरी लाऊझी, बट होल मूव्ही इज देअर, लाह!”

कुण्या हौशी माणसाने जुन्या कॅसेटवरून तो इंटरनेटवर चढवला होता. शैलेंद्रने लॅपटॉप टीव्हीला जोडला. आशालताबाईंनी चष्मा पुसला, पदर सारखा केला आणि समोर बसल्या. बाहत्तराव्या वर्षी त्या आपला सिनेमा पहिल्यांदा पाहणार होत्या.

उडता घोडा आला. त्याची दोरी स्पष्ट दिसत होती. राक्षसाची मिशी एका प्रसंगात डावीकडे सुटली, ती पुढच्या प्रसंगात उजवीकडे. जाई हसून लोळत होती. मग भुयार आलं, राणी आली, आणि तिच्यामागे चार दासी.

“तिसरी,” आशालताबाई म्हणाल्या. “ती मी.”

दोन वेण्या घातलेली, घाबरलेली एक मुलगी डबा उचलून पुढे आली. डबा नखशिखांत झळाळत होता. हरीण नाही की हरणाचं शेपूट नाही.

“बाबांनी थापच मारली की!” शैलेंद्र हसला. आशालताबाईही हसल्या, पण त्यांना रडू येत होतं. आयुष्यभराची पैज जिंकायला आलेली, आणि ती हरावी म्हणून या बाईचा जीव कासावीस झालेला.

पडद्यावरच्या मुलीने डबा राणीपुढे ठेवला. वाकली. मग तो नीट बसवावा म्हणून तिने, गृहकृत्यदक्षच ती, डबा गर्रकन फिरवला.

हरीण! शिंगांसकट, भलंथोरलं हरीण, आणि खाली ठळक अक्षरांत ‘शुद्ध वनस्पती’. राणी त्याकडे पाहून “या अल्ला, इतना सोना!” म्हणत होती.

“अगं बाई!” आशालताबाईंनी कपाळावर हात मारला. सगळं एकदम आठवलं. बेगड संपली होती. वडील बजावून म्हणाले होते, मागची बाजू भिंतीकडे ठेव. आणि घाबरलेल्या पोरीने नेमकी तीच बाजू दुनियेला दाखवली होती. रीळ महाग, म्हणून दुसऱ्यांदा कुणी चित्रीकरण केलंच नव्हतं.

त्या उठल्या. शोकेसमधला निशिकांतांचा फोटो काढून त्यांनी टीव्हीसमोर ठेवला आणि त्यापुढे दोन्ही हातांनी आपले कान घट्ट धरले.

“आजी, इयर पेन आह?” जाई घाबरली.

“नाही गं. हरले मी.” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहराभर हसू होतं. कान न सोडताच त्या म्हणाल्या, “घे जरा मागे. यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ना, ते परत बघू दे मला.”